दोन हातांचे शस्त्र निवडताना: संथ कुऱ्हाड ठेवावी की जलद तलवार घ्यावी?

ऐरोलीकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक या ऑनलाइन गेममध्ये माझा ऑर्क वंशाचा वॉरियर (योद्धा) ३८ व्या लेव्हलला पोहोचला आहे आणि टॅलेंट पॉइंट मी आर्म्सकडे, म्हणजे वॉरियरच्या एका कौशल्य-शाखेकडे, लावत आहे. ३० व्या लेव्हलच्या क्वेस्टमधून मिळालेली व्हर्लविंड अ‍ॅक्स अजून माझ्या हातात आहे. तिचा फटका १०२ ते १५४ आणि वेग, म्हणजे दोन फटक्यांमधील अंतर, ३.६ सेकंद आहे, म्हणजे डीपीएस (सेकंदामागचे नुकसान) ३५.६ पडतो. ऑक्शन हाऊसमध्ये मला दोन हातांची एक तलवार परवडणाऱ्या किमतीत दिसली असून तिचा सरासरी फटका १००, वेग २.६ आणि डीपीएस ३८.५ आहे. आकडा तर तलवारीचाच मोठा आहे. तरीही आमच्या गिल्डमधील (खेळाडूंच्या गटातील) ठाण्याची मंडळी एकमुखाने "संथ शस्त्रच ठेव" असे सांगतात. मला सल्ल्याइतकेच त्यामागचे कारण हवे आहे, कारण ते कळले तर पुढचे प्रत्येक शस्त्र मला स्वतः पारखता येईल.

आणखी एक शंका आहे. युरोपच्या सर्व्हरवर खेळत असल्यामुळे माझे पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन येण्याचा विलंब, १५० मिलिसेकंदांच्या आसपास असते. इतक्या विलंबात संथ शस्त्र वापरणे तोट्याचे ठरते का?

कोपरी_पूर्व

तुमचा प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर आकड्यांतूनच देता येते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

डीपीएस हा आकडा म्हणजे सरासरी फटक्याला शस्त्राच्या वेगाने भागून आलेली संख्या असते, आणि ती केवळ आपोआप पडणाऱ्या फटक्यांचे, म्हणजे व्हाइट हिटचे, खरे चित्र दाखवते. वॉरियरचे व्हर्लविंड, ओव्हरपॉवर आणि मॉर्टल स्ट्राइक हे फटके मात्र बटण दाबताक्षणी पडतात, त्यांच्या मधले अंतर त्यांच्या स्वतःच्या कूलडाऊनवर (पुन्हा वापरण्याआधीच्या सक्तीच्या थांब्यावर) ठरते आणि त्यांची ताकद शस्त्राच्या एका फटक्यावरून मोजली जाते. म्हणजेच या फटक्यांना शस्त्र किती वेळाने फिरते याच्याशी काहीही देणेघेणे नसते. ते एका वेळी किती लागते एवढेच त्यांना महत्त्वाचे असते. संथ शस्त्राचा सारा फायदा इथे आहे.

आता तुमची दोन शस्त्रे घेऊ. तुमची अटॅक पॉवर, म्हणजे फटक्यांत भर घालणारा पात्राचा आकडा, ३५० आहे असे धरतो. प्रत्येक १४ अटॅक पॉवरमागे १ डीपीएस मिळतो, म्हणून दोन्ही शस्त्रांवर २५ डीपीएसची भर पडेल. व्हाइट हिटमध्ये कुऱ्हाड ६०.६ आणि तलवार ६३.५ देईल, म्हणजे इथे तलवार सेकंदाला सुमारे २.९ ने पुढे राहील. व्हर्लविंडमध्ये मात्र कुऱ्हाडीचे १२८ आणि तलवारीचे १०० हे मूळ फटके थेट धरले जातात, आणि हा २८ चा फरक दर १० सेकंदांनी एकदा, समोर असलेल्या प्रत्येक शत्रूवर, जास्तीत जास्त चौघांवर, तुमच्या पदरात पडतो. एकच शत्रू असेल तर सेकंदाला २.८, म्हणजे जवळजवळ बरोबरी. दोन शत्रू असतील तर ५.६, म्हणजे कुऱ्हाड उघडपणे सरस. ४० व्या लेव्हलला मॉर्टल स्ट्राइक मिळाले की तोच २८ चा फरक दर ६ सेकंदांनी, एका शत्रूवरही, मिळू लागेल आणि एकट्या त्या फटक्यातून सेकंदाला ४.७ ची आघाडी येईल. त्यासाठी दर वेळी ३० रेज (फटके दिल्यावर साठणारी आणि कौशल्यांवर खर्च होणारी ऊर्जा) हाताशी असायला हवा हे खरे, पण त्या लेव्हलला आर्म्सने खेळणारा माणूस रेज सर्वांत आधी तिथेच खर्च करतो.

इथे एक जुना मुद्दा सांगणे आवश्यक आहे, कारण इंटरनेटवर अजूनही फार जुने लेख वाचायला मिळतात. २००५ मधील १.८ या पॅचपूर्वी (गेममधील बदलांच्या आवृत्तीपूर्वी) अटॅक पॉवरचा वाटासुद्धा शस्त्राच्या प्रत्यक्ष वेगाने गुणला जात असे. १००० अटॅक पॉवर आणि ५० डीपीएसची दोन शस्त्रे घेतली तर ३.८ वेगाच्या शस्त्राचा तात्काळ फटका ४६१ आणि २.६ वेगाच्या शस्त्राचा ३१६ पडे. त्यानंतर दोन हातांच्या सर्व शस्त्रांसाठी ३.३, एका हाताच्या शस्त्रांसाठी २.४ आणि खंजिरांसाठी १.७ असा ठरावीक गुणक आला, आणि क्लासिकमध्येही तोच नियम लागू आहे. आज तेच आकडे ४२६ आणि ३६६ असे येतात. संथ शस्त्राची आघाडी कमी झाली, संपली मात्र नाही. आणि जी उरली ती सर्वस्वी शस्त्राच्या मूळ फटक्यातून येते. म्हणूनच शस्त्र पाहताना डीपीएसच्या आधी त्याचा सरासरी फटका पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

लढाई लहान असेल तर आणखी एक गोष्ट संथ शस्त्राच्या बाजूने जाते. पहिला फटका जवळ पोहोचताच पडतो, त्यासाठी थांबावे लागत नाही. ५० डीपीएसचीच दोन शस्त्रे घेतली, तर पहिल्या चार सेकंदांत २.० वेगाचे शस्त्र तीन फटक्यांत ३०० देते आणि ३.८ वेगाचे शस्त्र दोन फटक्यांत ३८०. लांबच्या लढाईत हा फरक विरून जातो.

पिंगची चिंता करू नका. व्हाइट हिटचा हिशेब सर्व्हरवर होतो. शत्रू तुमच्या टप्प्यात आणि समोर असला की फटका वेळेवर पडतो. तुमच्या बटणांमधील किमान अंतर १.५ सेकंदांचे असते आणि १५० मिलिसेकंद हा त्याचा दहावा भाग झाला. पीव्हीपीमध्ये (खेळाडूंच्या आपसांतील लढाईत) फटका तयार झाल्यावरच आत शिरून लगेच बाहेर पडण्याची पद्धत वापरायची असेल, तेवढ्या वेळी विलंब जाणवेल.

घोडबंदर_टँक

वरील हिशेब आर्म्ससाठी अचूक आहे, पण "संथच घ्यावे" हा सर्वांसाठीचा नियम समजू नये अशी माझी विनंती आहे. मी ढाल घेऊन टँकिंग करतो, म्हणजे गटासाठी शत्रूचे फटके स्वतःवर घेतो, आणि तिथे चित्र उलटे असते. हीरोइक स्ट्राइक पुढच्या व्हाइट हिटच्या जागी पडतो आणि त्याचे अतिरिक्त डॅमेज व थ्रेट (शत्रूचे लक्ष टँकवर खिळवणारा आकडा) ठरावीक असते. शस्त्र जलद असेल आणि रेज भरपूर येत असेल, तर तो एका मिनिटात अधिक वेळा वापरता येतो. थंडरफ्युरी ही तलवार टँकला इतकी प्रिय असण्यामागे तिच्या विजेच्या परिणामाबरोबर तिचा १.९ हा वेगही आहे. मात्र समोर उभे राहून बॉसला जितके अधिक फटके मारावेत तितके अधिक तो पॅरी करतो (शस्त्राने अडवतो), आणि प्रत्येक पॅरीनंतर त्याचा पुढचा फटका लवकर येतो, त्यामुळे हीलरवरचा (टँकवर उपचार करणाऱ्या खेळाडूवरचा) ताण वाढतो. आमच्या गिल्डची रेड (मोठ्या गटाची मोहीम) युरोपच्या वेळेनुसार चालते. तिथे संध्याकाळचे आठ वाजतात तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेबारा झालेले असतात, आणि सकाळी कामावर जाणाऱ्या हीलरना अशा वेळी नाहक जास्त काम लावणे मला पटत नाही. म्हणून ज्या बॉसचा फटका जड आहे, त्याच्यासमोर मी मुद्दाम थोडे संथ शस्त्र घेतो.

खारघर_सेक्टर१२

मी रोग (Rogue) हा दोन हातांत दोन शस्त्रे धरणारा क्लास खेळतो. आमच्याकडे दोन्ही हातांचा विचार वेगळा करावा लागतो. आमचा सिनिस्टर स्ट्राइक हा फटका मेनहँडच्या (मुख्य हातातील शस्त्राच्या) फटक्यावर मोजला जातो, म्हणून तिथे विस्कॅगसारखी २.६ वेगाची तलवार चांगली. ऑफहँडचा (दुसऱ्या हाताचा) फटका मुळातच निम्मा पडतो, पण त्यावरचे इन्स्टंट पॉयझन हे विष प्रत्येक फटक्याला २० टक्के शक्यतेने लागते, म्हणून तिथे जलद शस्त्र हवे.

शस्त्रावरच्या परिणामांचे दोन प्रकार असतात, हे ऐरोलीकरांनी ध्यानात ठेवावे. काही परिणाम प्रत्येक फटक्यामागे ठरावीक टक्केवारीने लागतात. त्यांत फटक्यांची संख्या वाढली की फायदा वाढतो. क्रुसेडर एन्चँटसारखे (शस्त्रावर चढवलेल्या जादूसारखे) काही परिणाम मिनिटाच्या हिशेबाने लागतात. शस्त्र संथ असेल तर प्रत्येक फटक्याची शक्यता आपोआप वाढवली जाते, त्यामुळे केवळ जलद शस्त्र घेऊन काही हाती लागत नाही. उलट वॉरियरच्या तात्काळ फटक्यांनाही तीच वाढीव शक्यता मिळत असल्याने संथ शस्त्रावर क्रुसेडर अधिक वेळा लागतो. शमन क्लासच्या विंडफ्युरीत (जादा फटके देणाऱ्या जादूत) टक्केवारी ठरावीक असली तरी शमन जड शस्त्र घेतात, कारण जादा मिळणारे दोन्ही फटके शस्त्राच्या पूर्ण ताकदीने पडतात.

ऐरोलीकर

सर्वांचे मनापासून आभार. तलवार घेण्याचा विचार मी सोडला आहे. एवढेच विचारतो की कुऱ्हाड नेमकी केव्हा बदलावी, आणि चुकलेल्या फटक्याचा प्रश्न कसा हाताळावा? ३.६ सेकंद थांबून फटका हुकला की रेज येतच नाही आणि मधला वेळ फार लांब वाटतो.

कोपरी_पूर्व

ही संथ शस्त्राची खरी अडचण आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. पुरेसा वेळ लढाई चालली तर एकूण रेज साधारण सारखाच येतो, पण संथ शस्त्रात तो मोठ्या हप्त्यांनी येतो. चार्जने (शत्रूवर धावून जाण्याच्या कौशल्याने) लढाई सुरू केली तर सुरुवातीचा रेज हाताशी राहतो. शिवाय हिटचा (फटका न हुकण्याचा) बोनस असलेल्या वस्तू मिळाल्या तर त्या आवर्जून वापरा. शत्रूने फटका डॉज केला (चुकवला) तर ओव्हरपॉवर मोकळा होतो. तो फक्त ५ रेजमध्ये पडतो आणि शत्रूला तो डॉज करता येत नाही, म्हणून त्याची संधी कधी सोडू नका. जलद शस्त्रात डॉज अधिक वेळा दिसतील हे मान्य, पण म्हणून शस्त्र बदलण्याइतका तो फायदा मोठा नाही.

बदलाबाबत माझा निकष असा आहे की नव्या शस्त्राचा वेग ३.४ किंवा त्याहून संथ असावा आणि सरासरी फटका १२८ पेक्षा स्पष्टपणे जास्त असावा. ऑर्क असल्यामुळे तुम्हाला कुऱ्हाडीच्या स्किलमध्ये ५ चा बोनस मिळतो, तेव्हा दोन शस्त्रे तुल्यबळ असतील तर कुऱ्हाड निवडा. तलवारीकडे वळायचे झाले तर आधी तिचे स्किल वाढवावे लागेल, कारण त्याची मर्यादा लेव्हलच्या पाचपट असते आणि ते अपुरे असताना फटके आणखी हुकतात. ५८ व्या लेव्हलला आर्केनाइट रीपर वापरता येईल: फटका १५३ ते २५६, वेग ३.८, आणि तीही कुऱ्हाडच. तिला आर्केनाइट या धातूचे २० बार लागतात, आणि ते तयार करताना अल्केमिस्टला (किमया येणाऱ्या खेळाडूला) प्रत्येक वेळी कूलडाऊन संपण्याची वाट पाहावी लागते. म्हणून गिल्डमधील अल्केमिस्टशी आत्तापासूनच बोलून ठेवा.