ड्रॅगसाठी (सरळ रेषेतली शर्यत) स्विफ्टच्या मागे मऊ स्प्रिंग टाकू का?

चेंबूरवाला: 2012 ची पेट्रोल स्विफ्ट. रोज चेंबूर-अंधेरी, कधीतरी आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैल. क्लच सोडला की मागची बाजू बसते, पुढची चाकं नुसती किंचाळतात.

मिस्त्रीकाका, कुर्ला: मऊ नको रे बाबा! तो उपाय मागची चाकं ढकलतात त्या गाड्यांचा. तुझी पुढची ओढतात; मागे बसली की पुढचं वजन उडतं, पकड गेली. मागे कडक स्प्रिंग घाल. पुढच्या टायरची हवा किंचित कमी, तीही फक्त धावपट्टीवर.

चेंबूरवाला: काका, पण लिंक रोडचे खड्डे?

मिस्त्रीकाका, कुर्ला: कंबर जाईलच. मागे टॉर्शन बीम आहे, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा; स्प्रिंग डँपरपासून (शॉक अॅब्सॉर्बर) वेगळी, म्हणून एकटी निघते. शर्यतीआधी बदल, सोमवारी जुनी परत.

ठाणेकर: आणि स्टेपनी डिकीतच राहू दे. मी काढून ठेवली, मागची बाजू वरच राहिली, पण परतताना घाटात पंक्चर!