अत्तराचा वास आणि शेवटचा मृत्यू

सिनेमात गे पात्र एकतर हसवायला येतं नाहीतर मरायला, असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं आणि पटलं. पण त्याचं खापर फक्त लेखकांच्या आळसावर फोडणं पुरेसं नाही. हॉलिवूडमध्ये हा चक्क नियम होता. १९३० साली निर्मात्यांच्या संघटनेने आचारसंहिता केली आणि १९३४ पासून ती काटेकोरपणे राबवली. त्यात 'लैंगिक विकृती' दाखवायला, अगदी सूचित करायलाही बंदी होती, आणि समलैंगिकता त्यातच मोडायची. मग पळवाटा निघाल्या. 'द माल्टीज फाल्कन' (१९४१) या सिनेमातलं कैरो नावाचं पात्र बघा. मूळ कादंबरीत तो गे असल्याचं उघड आहे. सिनेमात उरलं काय, तर सुगंधी व्हिजिटिंग कार्ड, नीटनेटके कपडे आणि हातातल्या छडीशी चाललेला चाळा. समजणाऱ्याने समजावं!

म्हणजे ज्याला आपण आज साचा म्हणतो, ती मुळात सेन्सॉरला चकवणारी सांकेतिक भाषा होती. शिवाय संहितेनुसार 'पाप' आकर्षक दिसता कामा नये, त्यामुळे असं पात्र शेवटी मेलं की सगळे सुटले. १९६१ मध्ये समलैंगिकतेवरची ही बंदी सैल झाली, १९६८ मध्ये अख्खी संहिताच गेली. खुणा मात्र राहिल्या. मला राग येतो तो इथे: बंदी असताना खुणेने बोलणं ही हुशारी होती, पण बंदी उठल्यावरही तोच लचकता हात दाखवून हशा वसूल करायचा?