'ऑफेन्सिव्ह लाइन'ला मराठीत काय म्हणावं?

ओसरी:
ओमाहातल्या आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेकीने मिल्ट टेनोपिर यांच्यावर इंग्रजीत लेख लिहिलाय आणि त्याचं मराठी माझ्या गळ्यात पडलंय. टेनोपिर म्हणजे नेब्रास्का विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे (अमेरिकन फुटबॉल) ऑफेन्सिव्ह लाइन कोच, 1974 ते 2002. 'आक्रमक फळीचे प्रशिक्षक' असं लिहून मी मोकळी झाले. सासूबाईंना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "म्हणजे गोल करणारी मुलं का गं?" तिथेच गाडं अडलं. मधे सेंटर, त्याच्या दोन्ही अंगांना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल, अशी ही पाच माणसं. सेंटरने पायांमधून चेंडू मागे दिला की संपलं, बाकीच्यांचा चेंडूशी संबंध जवळजवळ नाहीच. नेहमीच्या रचनेत त्यांना पास झेलायचीही मुभा नसते. समोरच्या धिप्पाड माणसाला अडवायचं, क्वार्टरबॅकला (चेंडू फेकणारा सूत्रधार) वाचवायचं, धावणाऱ्याला वाट करून द्यायची. बरं, 'बचाव फळी' म्हणावं तर ती समोरच्या संघाची! काय लिहू?

खुंटावरचा:
'आक्रमक फळी'च ठेवा. खो-खोत पाटीत उकिडवे बसलेले आठ जण आक्रमकच असतात की. तो शब्द बाजू सांगतो, स्वभाव नव्हे. आणि 'फळी' उत्तम आहे, क्रिकेटमधली 'मधली फळी' कुणाला समजावून सांगावी लागते?

शुद्धमती:
मराठीत इतका सुंदर शब्द असताना उसनवारी कशाला? बिनी. बिनीचे शिलेदार! सैन्याच्या तोंडाशी चालणारी तुकडी.

ओसरी:
शुद्धमतीताई, बिनी पुढे घुसते. ही मंडळी पासच्या वेळी मागे सरकत लढतात. आणि सगळ्यांत पुढे असूनही त्यांचं नाव कुणी घेत नाही, ही लेकीच्या लेखातली मुख्य तक्रार.

मोडीवाचक:
उसनवारीचा विषय निघालाच आहे म्हणून. फारसीत 'बिनी' म्हणजे नाक. सैन्याचं नाक ती बिनी, अशी माझी व्युत्पत्ती. पुरावा मागू नका.

शुद्धमती:
मग मागतेच.

तांबडी माती:
आमच्याकडं कोल्हापुरात 'प्रशिक्षक' म्हटलं की शिट्टी आणि ट्रॅकसूट डोळ्यांसमोर येतो. ह्या माणसाला वस्ताद म्हणा. लेखात काय शिकवायचा ते आलंय का? मी तालमीत गेलो तेव्हा पहिले पंधरा दिवस डाव नाहीच. नुसता पवित्रा. वस्ताद मागनं येऊन गुडघ्यात पाय घालायचे, पडलास की परत उभा. पाय हलला की शिवी.

ओसरी:
आलंय! त्यांच्यातही एक हात जमिनीला टेकून पवित्रा घेतात आणि पहिलं पाऊल जेमतेम सहा इंचांचं. ते लांब पडलं की तोल गेला. हंगामभर तेच घोटून घ्यायचं. वस्ताद आवडला, पण पुण्याच्या वाचकाला तबल्याचे वाटतील.

खुंटावरचा:
'कारकीर्द' वापरलात का? कार्य अधिक कीर्ती. ज्यांचं कुणी नाव घेत नाही त्यांना तो शोभत नाही.

मोडीवाचक:
कीर्तीचा काडीमात्र संबंध नाही. फारसी 'कारकर्द'. कार म्हणजे काम, कर्द म्हणजे केलेलं. केलेलं काम, बस्स.

शुद्धमती:
तरीही मराठीत कारकीर्द पेशव्याची असते. दुय्यम प्रशिक्षकाची नोकरी असते.

ओसरी:
एकोणतीस हंगाम हो! मुख्य प्रशिक्षक टॉम ऑस्बोर्न 1997 नंतर निवृत्त झाले, हे पुढेही राहिले. 1994, 1995 आणि 1997 अशी तीन राष्ट्रीय अजिंक्यपदं. आउटलँड चषक आतल्या फळ्यांमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळतो. तो यांच्या काळात डेव्ह रिमिंग्टनने 1981 आणि 1982 असा लागोपाठ घेतला, पुढच्याच वर्षी डीन स्टाइनकूलरने. नंतर शील्ड्स, विगर्ट, टेलर. रिमिंग्टनच्या नावाने तर पुढे सेंटरसाठी वेगळा चषक निघाला. याला नोकरी म्हणायचं?

खुंटावरचा:
स्टाइनकूलर म्हणजे तोच ना, ऑरेंज बोल या हंगामाअखेरच्या मोठ्या सामन्यातला? जानेवारी 1984, मायामीविरुद्ध. क्वार्टरबॅकने चेंडू मुद्दाम जमिनीवर ठेवला, सगळे एका बाजूला धावले आणि या गार्डने तो उचलून एकोणीस यार्ड पळत जाऊन टचडाउन केला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार नेऊन गुण मिळवले. म्हणजे आक्रमक! माझा मुद्दा सिद्ध.

ओसरी:
जन्मात एकदा. आणि सामना 31-30 हरले.

तांबडी माती:
ह्याला गनिमी कावा म्हणतात.

ओसरी:
अजून एक अडचण. समोरच्याला पाठीवर लोळवलं की त्याला 'पॅनकेक' म्हणतात. नेब्रास्कात त्याची गणती ठेवायचे. मी 'धिरडं' लिहिलंय. नवरा हसतोय.

तांबडी माती:
धिरडं काय! चीतपट. आस्मान दाखवलं.

मोडीवाचक:
चीतपट झाली की कुस्ती संपते. इथे तो उठून पुढच्या खेळीला परत समोर उभा राहतो. एका सामन्यात दहादा चीतपट?

शुद्धमती:
धिरडंच योग्य. उलथलं की झालं.

वांगीभात:
पॅनकेक म्हणजे घावन. धिरडं डाळीच्या पिठाचं.

शुद्धमती:
आमच्याकडे गव्हाचंही करतात, गूळ घालून.

वांगीभात:
ते धिरडं नव्हेच. आणि घावन उलटत नाहीत, झाकण ठेवून वाफ देतात.

ओसरी:
अंक शुक्रवारी छापायला जातोय. फळीचं काय करू?

खुंटावरचा:
घावन उलटतात. आमच्या मालवणात तरी.