प्रतिसाद: बस्तरमधल्या शाळा

वर कुणीतरी लिहिलंय की छत्तीसगडच्या बस्तरमधल्या बंद शाळा पुन्हा उघडल्या, म्हणजे प्रश्न सुटला. इतकं सोपं नाही हो ते.

२००५ नंतर सलवा जुडूमच्या, म्हणजे माओवाद्यांविरुद्ध सरकारच्या पाठिंब्यानं चाललेल्या सशस्त्र मोहिमेच्या काळात गावंच्या गावं उठली. सुरक्षा दलं शाळांमध्ये मुक्कामाला राहायची, म्हणून माओवाद्यांनी त्या इमारतीच उडवल्या. मग रस्त्यालगत बांबूच्या भिंतींची निवासी शाळा आली, तिला तिकडे 'पोर्टा केबिन' म्हणतात. पोरं शिकली, खरंय; पण सहा-सात वर्षांचं लेकरू आईपासून लांब, जंगलाबाहेर.

आता बस्तरमधल्याच सुकमा-बिजापुरात गावातच झोपडीत शाळा भरते. शिकवायला शिक्षादूत, म्हणजे गावाकडचाच शिकलेला पोरगा. त्यांतल्या काहींना माओवाद्यांनी मारलं, तरी बाकीचे शिकवताहेत. माझ्या मते खरी किल्ली त्यांच्याच हातात आहे. तिकडच्या पोरांची घरची भाषा गोंडी; पाण्याला गोंडीत 'एर' म्हणतात. पुस्तकात 'पानी' छापलेलं, गुरुजी हिंदीवाले, मग पोर गप्पच बसणार ना? शिक्षादूत निदान 'एर'पासून सुरुवात करू शकतो.

आपल्या गडचिरोलीत मोहगावने गोंडी शाळा काढली, तर तिच्या मान्यतेवरूनच खेटे! तेव्हा नुसते छपराचे पत्रे आणि उघडलेली कुलपं मोजू नका.