विषय: घरामागचं मैदान, हरकती हव्यात, याच महिन्यात

प्रेषक: मेधा (पुणे, पूर्वी मिसिसागा)

नमस्कार मंडळी,

पुण्याला परत येऊन मला चार वर्षं झाली, तरी कॅनडातल्या आपल्या मराठी मंडळाच्या ईमेल यादीतून नाव काढायला मन झालं नाही. दिवाळी अंकाची वर्गणी, नाटकाची तिकिटं, कुणाला मुलगा झाला, सगळं वाचत असते. आज पहिल्यांदाच काही मागायला लिहितेय.

आमच्या घरामागे, सिंहगड रस्त्याच्या आतल्या अंगाला, एक मैदान आहे. विकास आराखड्यात खेळाच्या मैदानाचं आरक्षण, जागा महापालिकेच्या ताब्यात. कडेला कडुनिंबाची सात झाडं आणि एक वड. आता तिथे स्टेडियम आणायचं घाटतंय. नुसतं स्टेडियम असतं तरी मी विरोधच केला असता, पण इथे खाली दोन मजले पार्किंग, त्यावर एका मोठ्या साखळी दुकानासाठी अर्ध्या मैदानाएवढा एकच गाळा, आणि त्याच्या डोक्यावर खेळायची जागा व गॅलरी असा बेत आहे. बांधणार खासगी विकसक आणि दुकानाचं भाडं पुढची कित्येक वर्षं त्याच्याकडे जाणार. त्यासाठी आरक्षणात बदल करायला हवा, म्हणून नगररचना कायद्याच्या कलम 37 खाली नोटीस निघाली आहे. नोटिशीपासून एक महिना हरकती-सूचना घेतात. त्यातले नऊ दिवस गेले, कारण नोटीस पेपरात आतल्या पानावर होती आणि आमच्यापैकी कुणाच्याच ती नजरेला पडली नाही.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांचे आईवडील या भागात राहतात, काहींचे स्वतःचे फ्लॅट आहेत. तेव्हा त्या मैदानावर काय चालतं ते तुम्हाला सांगते.

बाबांना घेऊन मी पहाटे साडेपाचला तिथे जाते. आमच्या आधी पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली आलेली असतात. मुलांना 1600 मीटर धावायचं असतं, मुलींना 800, शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक. फक्कीची पिशवी आळीपाळीने कुणीतरी घरून आणतं आणि मोबाइलच्या उजेडात 100 मीटरची रेघ आखतात. एक मुलगी धायरीहून सायकलवर येते. आठ वाजता तिला एका दुकानात कामावर हजर व्हायचं असतं, म्हणून गोळा पहिल्यांदा तिच्या हातात देतात. गोळा पडून जमिनीला खळगे होतात. एकदा बाबांची काठी त्यातल्या एका खळग्यात गेली आणि ते धडपडले. दुसऱ्या दिवसापासून निघताना ही मुलं सगळे खळगे पायाने बुजवून जातात. कुणी सांगितलं नाही, सांगावं लागलं नाही.

सातनंतर शेजारच्या शाळेचा पीटीचा तास. त्या शाळेला स्वतःचं पटांगण नाही. उन्हाळ्यात दुपारी कडेच्या दगडांवर वाळवणं असतात. संध्याकाळी चार-चार सामने एकाच वेळी, एकाचा लाँगऑन दुसऱ्याच्या स्लिपमध्ये उभा. नवरात्रात भोंडला. गणपतीच्या आधी दोन महिने ढोल-ताशा पथकाचा सराव असतो आणि त्याचा आम्हाला त्रास होतो, हेही लिहायला हवं. पण या सगळ्याला कुणी तिकीट लावत नाही, वेळ ठरवून देत नाही, ओळखपत्र मागत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की या जागेची गरज रोज भागते आहे. स्टेडियमची गरज कुणाची आहे ते आधी दाखवा. हरकत कुणीही नोंदवू शकतो. मसुदा सोबत जोडला आहे, तो तसाच न पाठवता स्वतःचे चार शब्द त्यात घाला. मुदत 28 तारखेपर्यंत.

मेधा


प्रेषक: निखिल (ब्रॅम्प्टन)

मेधाताई, नमस्कार.

तुमच्या तळमळीबद्दल आदर आहे, पण मला हे सगळं पटत नाही. माझी सासुरवाडी तिथून दहा मिनिटांवर आहे. भरतीची मुलं खड्ड्यांतून, अंधारात धावतात, हे अभिमानाने का सांगायचं? त्यांना दिवे, चांगला ट्रॅक, स्वच्छतागृह मिळालं तर वाईट काय? आणि दुकानाचं म्हणाल, तर माझ्या सासूबाई महिन्याचा किराणा आणायला रिक्षाने लांबच्या मोठ्या दुकानात जातात, कारण महिन्याला पाच-सातशे रुपये वाचतात. आपण सगळे इथे दर शनिवारी कॉस्टकोत जातो. मग तिथल्या लोकांनी मात्र कोपऱ्यावरच्या वाण्याकडूनच घ्यावं, असं आपण कसं म्हणायचं?

रागावू नका, मनापासून विचारतोय.

निखिल


प्रेषक: अनिल (टोरांटो)

निखिल, तुझा प्रश्न रास्त आहे. दुकानाचं मेधा सांगेल, मी स्टेडियमबद्दल लिहितो, कारण त्या बाबतीत मी दोन्हीकडचा साक्षीदार आहे.

29 फेब्रुवारी 1996 ला मी स्वारगेटच्या नेहरू स्टेडियममध्ये होतो. विश्वचषकात केनियाने 166 धावा केल्या आणि वेस्ट इंडिजला 93 मध्ये गुंडाळलं. शेजारी बसलेले अनोळखी लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते. स्टेडियम काय देऊ शकतं हे मला कुणी शिकवायला नको. पण नंतर काय झालं? 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीला अख्खं क्रीडासंकुल उभं राहिलं. 2012 पासून द्रुतगती मार्गालगत गहुंज्याला सदतीस हजारांचं स्टेडियम आहे, मोठे सामने तिकडे होतात. आता सांग, पुण्यात कमी काय आहे, गॅलरी की मोकळी माती?

आणि इथलं बघ. टोरांटोचं स्कायडोम स्टेडियम 1989 साली उघडलं तेव्हा खर्च 57 कोटी डॉलरच्या आसपास गेला होता, त्यात सरकारी पैसा भरपूर. 2004 मध्ये ते अडीच कोटीला विकलं गेलं. माँट्रियलने 1976 च्या ऑलिंपिकसाठी जे स्टेडियम बांधलं त्याचं कर्ज फिटायला 2006 उजाडलं, आणि तोवर ज्या मुलांचा त्या वेळी जन्मही झाला नव्हता त्यांनीही ते फेडलं. हे सगळे व्यवहार करताना कागदावर नफाच दाखवला होता. पुण्याचा विकसक त्याच्या खिशातून करतोय असं कुणी म्हणेल. पण जमीन त्याच्या खिशातली नाही, आणि अशा ठिकाणी जमीन हाच खरा पैसा असतो.

मेधा, हरकत आज रात्री लिहितो. तुझ्या काकूचीही सही असेल.

अनिल काका


प्रेषक: शुभदा (ग्वेल्फ)

मला एक गोष्ट सांगावीशी वाटते, आणि ती हरण्याची आहे.

आमच्या गावात वॉलमार्ट येऊ घातलं तेव्हा लोक जवळजवळ दहा वर्षं लढले. जागा जेझुइट पाद्र्यांच्या साधनाकेंद्राच्या समोर होती, त्यामुळे तेही उतरले होते. 2006 मध्ये दुकान उघडलंच. मी त्या काळात इथे होते. घराजवळच्या हॉलमध्ये सभा असायच्या, पत्रकं दारात यायची, आणि मी एकाही सभेला गेले नाही. मुलं लहान होती, नोकरी नवी होती, आणि खरं म्हणजे 'हे त्यांचं गाव, आपण कशाला बोला' असं वाटायचं. व्हँकूव्हरच्या नगरपालिकेने मात्र 2005 मध्ये तसाच प्रस्ताव नामंजूर केला. म्हणजे प्रत्येक वेळी हरायलाच होतं असंही नाही.

पुण्याबद्दल तर मला 'त्यांचं गाव' असंही म्हणता येणार नाही. माझी आई सिंहगड रस्त्यालाच राहते. पत्र पाठवतेय.

शुभदा


प्रेषक: मेधा (पुणे)

निखिल, रागावण्यासारखं काही नाही. तुमचं पत्र मी बाबांनाही वाचून दाखवलं.

दिवे आणि स्वच्छतागृह हवं, हे अगदी बरोबर. चार खांब, सहा दिवे, एक स्वच्छतागृह, एक नळ आणि खळग्यांवर वर्षातून दोनदा रोलर. याला आरक्षण बदलावं लागत नाही आणि मजलाही चढवावा लागत नाही. आम्ही तीनदा अर्ज दिले आहेत, तिन्हींच्या पोचा माझ्याकडे आहेत. आज जिथे चार खांब उभे राहत नाहीत तिथे अख्खं स्टेडियम चटकन सुचतं, याचं कारण दिव्यांतून भाडं येत नाही. आणि त्या आराखड्यातला ट्रॅक मी पाहिला. तो तिसऱ्या मजल्यावर आहे, फाटकाच्या आत, 'सदस्यांसाठी' असं लिहिलेलं. धायरीची मुलगी पहाटे साडेपाचला कुणाला फोन करून फाटक उघडायला लावणार?

आता दुकान. तुमच्या सासूबाईंचे पाचशे रुपये खरे आहेत, ते मी खोटे ठरवणार नाही. माझी आई असती तर तीही गेली असती. पण अशी दुकानं या भागात आधीच आहेत, त्यांना ती मिळतात. प्रश्न आणखी एकाचा आहे, आणि तो मैदानावर हवा आहे का, हा आहे. आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याचं दुकान दहा बाय बाराचं आहे. 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून 35 हजार क्युसेकहून जास्त पाणी सोडलं आणि पहाटे सिंहगड रस्त्याची एकतानगरी पाण्याखाली गेली, ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. आमच्याकडे पाणी पार्किंगपर्यंतच आलं, पण लिफ्ट बंद, वीज बंद. त्या दिवशी या माणसाने पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चौथ्या मजल्यापर्यंत दूध, मेणबत्त्या आणि बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या पोचवल्या. गोळ्या त्याच्या दुकानात नव्हत्या, औषधाच्या दुकानातून आणल्या. पैसे वहीत लिहिले. त्या वहीत आमच्या इमारतीतल्या धुण्याभांड्याच्या मावशींचंही पान आहे, महिन्याच्या दहा तारखेला त्या चुकतं करतात. मोठ्या दुकानाच्या काउंटरवर ते पान उघडत नाही. साखळी दुकान शेजारी आलं की दहा बाय बारावाले किती टिकतात हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

पाण्याचं निघालंच आहे तर तेही लिहिते. हे मैदान आमच्या रस्त्यापेक्षा हातभर खोल आहे. जोराचा पाऊस झाला की गल्लीतलं पाणी तिकडे वाहत जातं आणि दोन दिवसांत मुरतं. सोसायटीच्या बोअरला मे महिन्यातही थोडं पाणी असतं, ते त्यामुळेच, असं आमचा बोअरवाला सांगतो. तिथे दोन मजले खोल खोदून काँक्रीट ओतलं की पाणी आमच्याच पार्किंगमध्ये येणार. आणि वरच्या हिरवळीला पाणी कुठून? 2018 मध्ये गहुंज्याच्या सामन्यांसाठी पवनेचं पाणी घ्यायला उच्च न्यायालयाने मनाई केली होती. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतात, आठवड्याला चार.

एक गोष्ट मला नव्याने कळली. वीस हजार चौरस मीटरच्या वरच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, पण 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे इमारतींच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. म्हणजे कारखाना आला असता तर आम्हाला मांडवात बसवून विचारलं असतं, इथे तेही नाही. झाडांसाठी नोटीस लावतील तेव्हा सात दिवस मिळतील. त्यामुळे आत्ताची ही कलम 37 ची हरकत आमच्या हातातलं सगळ्यात मोठं दार आहे.

अजून एक, हे लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. शेजारच्या प्लॉटवर टॉवर होतोय. त्याच्या माहितीपत्रकात बाल्कनीतून स्टेडियम दिसतंय असं चित्र आहे आणि किमती डॉलरमध्येही छापल्या आहेत. नोटीस निघायच्या आधीचं पत्रक आहे ते. विक्रीच्या ऑफिसात मी गेले तेव्हा तिथल्या मुलीने विश्वासात घेऊन सांगितलं, 'मॅडम, यातले निम्मे फ्लॅट बाहेरदेशीच गेलेत.' आपल्या यादीतल्या कुणी तिथे बुकिंग केलं असेल तर मी दोष देत नाही. फक्त इतकं करा, विक्रीवाल्याला पत्र लिहून विचारा की आरक्षण बदललेलं नसताना हे चित्र कशाच्या आधारावर छापलं. खरेदीदाराच्या पत्राला ते उत्तर देतात. माझ्या पत्राला दिलं नाही.

मेधा


प्रेषक: निखिल (ब्रॅम्प्टन)

मेधाताई,

दुकानाबद्दल माझं मत पूर्ण बदललेलं नाही. पण तिसऱ्या मजल्यावरचा ट्रॅक मला माहीत नव्हता, आणि नोटिशीच्या आधी छापलेलं पत्रक तर मुळीच पटत नाही. माझ्या मेव्हण्याने तिथेच बुकिंग केलं आहे. त्याला आज फोन केला, तो विक्रीवाल्याला पत्र पाठवतोय. माझी हरकत मी लिहीन, पण त्यात दिवे आणि मातीचा चांगला ट्रॅक हवा असंही लिहिणार. चालेल ना?

निखिल


प्रेषक: मेधा (पुणे)

चालेल काय, तसंच लिहा. नोटिशीत 'हरकती व सूचना' असाच शब्द आहे. दिवे, नळ, स्वच्छतागृह आणि मातीचा ट्रॅक ही सूचना, आरक्षण बदलू नका ही हरकत.

सगळ्यांसाठी दोन बारीक गोष्टी. नुसता ईमेल करून थांबू नका, त्याची दखल घेतली की नाही हे नंतर सिद्ध करता येत नाही. सही केलेलं पत्र स्कॅन करून मला पाठवा, मी छापून स्वतः नेऊन देईन आणि प्रत्येकाच्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेईन. पत्त्याच्या जागी पुण्यातला पत्ता असेल तर तो आधी लिहा, परदेशातला त्याखाली. आणि शेवटी 'मला सुनावणीची संधी द्यावी' ही ओळ विसरू नका. तुम्हाला येता आलं नाही तर तुमच्या वतीने कोण हजर राहील त्याचं नाव त्यातच द्या. शुभदाताई, तुमच्या आईंशी बोलले, त्या स्वतः यायचं म्हणतात.

आजपर्यंत आमच्या चार इमारतींतून 61 पत्रं झाली, मंडळातून 14. काल भरतीच्या मुलांना मसुदा दिला होता. आज पहाटे फक्कीच्या पिशवीखाली दाबून ठेवलेली 22 पत्रं मिळाली, काही वहीच्या फाडलेल्या पानांवर. धायरीच्या मुलीने हद्दीचा पत्ता लागतो का, असं विचारलंय. लागत नाही, कुणीही लिहू शकतं, असं तिला उद्या सांगते.

मेधा