मदत हवी आहे: सब्लिमेशन प्रिंटरचा निळा तुटतोय, मगवरचा काळा तपकिरी येतोय (नागपूर)

मोगरा | २३ मे, दुपारी ३.५०

नमस्कार मंडळी. मी नागपूरला नंदनवन भागात राहते. घरूनच फोटो-मग, टी-शर्ट, किचेन छापून द्यायचं काम करते, दीड वर्ष झालं. चार रंगांचा टाकीवाला इंकजेट प्रिंटर आहे. पहिल्या दिवसापासून त्यात सब्लिमेशन इंकच आहे (प्रेसच्या उष्णतेने वायू होऊन मगवर, कापडावर उतरते ती), साधी शाई कधी घातली नाही. सोबत एक मग प्रेस आणि टी-शर्टसाठी सपाट हीट प्रेस.

गेल्या आठवड्यापासून काम पार बिघडलंय. हा एकच बिघाड आहे की तीन वेगळे, तेच मला कळत नाहीये. म्हणून सगळं लिहिते.

फोटोत आडव्या फिकट रेघा येतात. नोझल चेक (हेडच्या बारीक छिद्रांची तपासणी करणारा रेघांचा कागद) काढला की निळा तुटलेला दिसतो. हेड क्लीनिंग केलं की भरून येतो, चार मग छापले की पुन्हा तुटतो. परवापासून अकरा वेळा क्लीनिंग झालंय.

दुसरं म्हणजे काळा काळा येत नाही. एका शाळेच्या दहावीच्या जुन्या बॅचचं स्नेहसंमेलन आहे, त्यांची ४८ मगची ऑर्डर आहे. मगवर वर्गाचा कृष्णधवल फोटो छापायचाय. केस तपकिरी दिसतात आणि मागच्या रांगेतल्या मुलींच्या वेण्यांना पांढऱ्या रिबिनी आहेत, त्या गुलाबीसर येतात. रंगीत फोटोत हे लपलं असतं, कृष्णधवलमध्ये लगेच डोळ्यात भरतं.

तिसरं, जिथे एकसारखा राखाडी रंग हवा तिथे ढगाळ ढगाळ डाग पडतात. हे सगळ्या मगवर नाही, काहींवरच.

ऑर्डर ३१ तारखेला द्यायची आहे. ॲडव्हान्स घेतलाय आणि नऊ मग वाया गेलेत. घरी एक जुना कार्ट्रिजवाला प्रिंटर पडून आहे, त्यात सब्लिमेशन इंक भरून ही एवढी ऑर्डर काढता येईल का? कृपया लवकर सांगा.

इतवारीकर | २३ मे, संध्या. ५.१५

ताई, आधी क्लीनिंग थांबवा. आज एकही करू नका. प्रत्येक क्लीनिंगची इंक खालच्या वेस्ट पॅडमध्ये, म्हणजे वाया इंक शोषणाऱ्या गादीत जाते. पॅडचा हिशेब भरला की प्रिंटर छापायचंच बंद करतो, मग ३१ तारीख राहिली बाजूला.

जुन्या प्रिंटरचं म्हणाल तर त्याचं हेड कोणत्या प्रकारचं आहे ते बघा. कार्ट्रिजवाल्या बऱ्याच प्रिंटरमध्ये हेड इंक क्षणभर तापवून, वाफेच्या बुडबुड्याने थेंब बाहेर फेकतं. सब्लिमेशन इंकला उष्णता लागते ती प्रेसमध्ये, हेडमध्ये नाही. तिला पिझो हेड लागतं, जे विजेच्या दाबाने थेंब ढकलतं, तापवत नाही. शिवाय त्यात आधीची साधी शाई असणारच, ती मिसळली की रंग गेलेच. तो विचार सोडून द्या.

आता चार गोष्टी सांगा. एक, नोझल चेकचे दोन-तीन कागद शेजारी ठेवून बघा: निळा दर वेळी त्याच जागी तुटतो की जागा बदलते? दोन, निळ्या टाकीत इंक कुठवर आहे? तीन, प्रिंटर गेल्या काही दिवसांत हलवला का? चार, बंद करताना त्याच्या बटणाने करता की बोर्डावरून?

मोगरा | २३ मे, रात्री ८.४०

भाऊ, मनापासून धन्यवाद. तीन कागद खिडकीच्या काचेला लावून एकावर एक धरले. जागा बदलते! पहिल्यावर वरून तिसरी-चौथी रेघ गायब, दुसऱ्यावर त्या आहेत पण खालच्या सहा नाहीत, तिसऱ्यावर मधल्या नाहीत. हे आजवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी प्रत्येक कागद बघायचे आणि फेकायचे.

निळी टाकी खालच्या रेषेच्या जरा खालीच आहे. क्लीनिंगमध्ये गेली असणार. प्रिंटर १६ तारखेला वरच्या खोलीतून खाली आणला, वर बसवत नव्हतं उन्हाने. जिन्यावरून आणताना तिरका झाला होता. आता तो खाली कूलरच्या खोलीत आहे.

रात्री आमच्याकडे झोपताना बोर्डाची बटणं बंद करायची सवय आहे. प्रिंटरही तसाच बंद होतो.

इतवारीकर | २३ मे, रात्री ९.३०

मग उत्तर जवळजवळ मिळालंच. इंक वाळून नोझल चोंदलं असतं तर तेच नोझल दर वेळी मुकं राहिलं असतं. जागा बदलतेय म्हणजे नोझल ठीक आहेत, त्यांच्यापर्यंत इंक सलग पोचत नाहीये. नळीत हवा शिरलीय. टाकी खाली गेलेली आणि त्यात प्रिंटर तिरका झालेला, दोन्ही एकत्र आलं. क्लीनिंगने इंक ओढली जाते म्हणून तेवढ्यापुरतं भरतं, चार प्रिंट झाले की बुडबुडा पुन्हा आडवा येतो. वर टाकी आणखी रिकामी होते. तुम्ही जितकं साफ केलं तितकं ते वाढलं, पण यात तुमची चूक नाही. सगळे हेच करतात, कारण प्रिंटरच्या स्क्रीनवर तोच एक उपाय लिहिलेला असतो.

आज रात्री असं करा. निळ्या इंकची बाटली घ्या. सब्लिमेशन इंकमधला रंग पाण्यात विरघळलेला नसतो, बारीक कणांच्या रूपात तरंगत असतो आणि तळाशी बसतो. बाटली हलवल्याशिवाय ओतली की आधी पातळ आणि शेवटी घट्ट इंक जाते. पण सरबतासारखी घुसळू नका, फेस येतो आणि तोच फेस नळीत जातो. दोन तळहातांत धरून, उलटसुलट करत सावकाश फिरवा, दहा मिनिटं उभी ठेवा, मग भरा. वरच्या रेषेच्या पुढे जाऊ नका. झाकण नीट लावा, प्रिंटर सपाट टेबलावर ठेवा आणि त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करून रात्रभर हात लावू नका. सकाळी एक क्लीनिंग, मग नोझल चेक. तरी तुटला तर परत सहा-सात तास थांबा.

बोर्डावरून बंद करणं मात्र आजपासून सोडा. बटणाने बंद केला की हेड जागेवर जाऊन रबराच्या टोपीवर बसतं आणि नोझल झाकली जातात. छापता छापता वीज गेली तर ते मधेच उघडं राहतं. आपल्याकडे २०१३ च्या मेमध्ये पारा ४७.९ वर गेला होता, तसल्या कोरड्या दुपारी उघडं हेड वाळायला वेळ लागत नाही. वीज आली की लगेच प्रिंटर चालू करा, हेड आपसूक घरी जातं. जमलं तर छोटा यूपीएस फक्त प्रिंटरला लावा. प्रेस त्यावर लावू नका, ती फार वीज खाते.

छायाप्रकाश | २४ मे, सकाळी १०.०५

मी पुण्यात हेच काम करतो. तपकिरी काळ्याबद्दल थोडं.

कृष्णधवल फोटो असला तरी प्रिंटर नुसत्या काळ्या इंकने छापत नाही. राखाडी छटा निळा, किरमिजी, पिवळा मिसळून बनते. त्यातला निळा कमी पडला की उरतो लालसर-तपकिरी. तुमच्या रिबिनी गुलाबी होण्याचं हेच कारण असणार. म्हणजे पहिला आणि दुसरा प्रश्न निदान अर्धा तरी एकच आहे.

उरलेला अर्धा प्रेसमध्ये असू शकतो. ताप किंवा वेळ जास्त झाला की सब्लिमेशनचा काळा तपकिरीकडे झुकतो. कमी पडला तर सगळेच रंग मेल्यासारखे येतात. तुमची सेटिंग काय आहे?

एक अगदी कळकळीने सांगतो: कागदावरचा रंग बघून रंगाचा निर्णय घेऊ नका. सब्लिमेशनचा प्रिंट कागदावर मळकटच दिसतो, खरा रंग उष्णता लागल्यावर उघडतो. कागदावर बघायच्या त्या रेघा, डाग आणि आरसा-प्रतिमा बरोबर आहे की नाही एवढंच. कागदावर रेघ असेल तर दोष प्रिंटरचा. कागद स्वच्छ आणि मग खराब असेल तर दोष प्रेसचा, कागदाच्या ओलीचा किंवा मगच्या कोटिंगचा. हे दोन गट वेगळे केल्याशिवाय काहीच बदलू नका.

आणि इंकवाल्याने दिलेलं आयसीसी प्रोफाइल (रंग बरोबर यावेत म्हणून असलेली फाइल) वापरत असाल तर ते एकाच ठिकाणी लावा. फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये लावलं तर प्रिंटरच्या ड्रायव्हरमधली रंगदुरुस्ती बंद हवी. दोन्हीकडे चालू राहिलं की रंग दोनदा फिरतो.

मोगरा | २४ मे, दुपारी १.२०

आधी आनंदाची बातमी. रात्रभर ठेवला, सकाळी एकच क्लीनिंग केलं आणि निळा पूर्ण आला. मग मुद्दाम दहा प्रिंट काढून पुन्हा चेक केला, एकही रेघ तुटली नाही. इतवारीकर भाऊ, रडूच यायचं बाकी होतं.

मग प्रेस १८० अंशांवर असते. वेळ मी वाढवत वाढवत २४० सेकंदांवर नेला होता, कारण मगच्या तळाशी रंग फिका यायचा. प्रोफाइल एकाच ठिकाणी आहे, आत्ता तपासलं.

छायाप्रकाश | २४ मे, दुपारी २.००

तळाची फिकट पट्टी वेळ वाढवून जात नाही. तिथे प्रेसचा तापणारा पट्टा मगला टेकतच नाही. वेळ वाढवला की वरचा भाग भाजतो आणि तळ तसाच राहतो. डिझाईन तळापासून पाऊण-एक सेंटीमीटर वर घ्या आणि प्रेसचा दाब थोडा आवळा, पण मग तडकेल इतका नको. वाया गेलेल्या मगांच्या कोऱ्या बाजू वापरा: तोच फोटो छोटा करून १५०, १८० आणि २१० सेकंदांना काढा. केस काळे आणि रिबीन स्वच्छ जिथे येईल ती तुमच्या प्रेसची वेळ. माझी वेळ तुमच्या कामाची नाही, प्रत्येक प्रेसचा काटा थोडा खोटं बोलतो.

कागदवेडी | २४ मे, संध्या. ६.३०

ढगाळ डागांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. मोगराताई, तुमचा कागद कुठे ठेवलेला असतो? कूलरच्या खोलीत उघडा?

आम्ही कोल्हापूरचे, आमच्याकडे पावसाळ्यात हेच होतं. सब्लिमेशनचा कागद हवेतली ओल ओढून घेतो. प्रेसमध्ये ती वाफ होऊन कागद आणि मगच्या मध्ये अडकते. रंगाच्या वायूला सरळ जाऊ देत नाही, मग ढग पडतात. तुमच्याकडे पाऊस नसला तरी कूलर म्हणजे खोलीत पाऊसच. पहिले मग बरे येत असतील आणि दुपारनंतरचे खराब, असं आहे का?

मोगरा | २५ मे, सकाळी ११.१०

अगदी तसंच आहे! सकाळचे बरे, जेवणानंतरचे खराब. मी त्याचा दोष व्होल्टेजला देत होते.

काल सीताबर्डीवरून एक साधा आर्द्रतामापक आणला. कूलर चालू असताना प्रिंटरजवळ ७६ टक्के. कूलर बंद करून दार-खिडक्या उघडल्या तर दोन तासांत २१ टक्के. एकाच खोलीत, एकाच दुपारी! आज नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू झालाय, कूलरशिवाय बसणं अशक्य. आणि कोरड्यात ठेवला तर हेड वाळणार. मग ठेवू कुठे?

कागदवेडी | २५ मे, दुपारी १२.००

कागद आणि प्रिंटर यांचा विचार वेगळा करा. प्रिंटर कूलरच्या खोलीत राहू द्या, फक्त झोतापासून लांब, भिंतीच्या आडोशाला. ४० ते ६० टक्क्यांच्या मध्ये काटा राहिला की पुरे. कूलरचा पंखा चालू ठेवून पाण्याचा पंप मधून मधून बंद करा, जमेल. झोतासोबत ताट्यांचा भुसा आणि धूळ येते तीही टळेल. टी-शर्टवर बारीक निळे ठिपके पडतात ना, ते बहुतेक धुळीचे आणि धाग्यांचेच असतात.

कागद मात्र हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून. लागेल तेवढाच काढायचा. छापून झाल्यावर पूर्ण वाळू द्यायचा, मगच टेप लावायची. शंका आली तर सपाट प्रेस उघडी ठेवून तिच्या तव्याखाली, न टेकवता, काही सेकंद कागद धरा. ओल असेल तर तो लगेच वळतो, तुम्हाला दिसेल.

इतवारीकर | २५ मे, दुपारी १२.४०

पंपाचं बरोबर आहे. आमच्या दुकानात उन्हाळाभर तेच करतो. आणि ताई, काम असो नसो, रोज चार रंगांचा एक छोटा प्रिंट काढत जा. इंक हलती राहिली पाहिजे.

मोगरा | ३० मे, रात्री १०.१५

४८ मग आज दुपारी दिले.

पुढे कोणाला उपयोग व्हावा म्हणून लिहून ठेवते. माझ्या प्रेसची वेळ १७० सेकंद निघाली. १५० ला काळा मळकट होता, २१० ला तपकिरीची सुरुवात. डिझाईन वर घेतल्यावर तळाची पट्टी गेली. दोन मगवर कडीजवळ फोटो दुहेरी आला, तो टेप सैल लागल्याने कागद सरकला म्हणून. ते दोन नव्याने छापले. ढग एकाही मगवर नाही. कागद आता मुलीच्या जुन्या डब्यात असतो. बोर्डावर प्रिंटरच्या बटणावर चिकटपट्टी लावली आहे, रात्री कोणी बंद करू नये म्हणून. रोजचा नोझल चेक तारीख घालून भिंतीला लावते, जुना फेकत नाही.

ऑर्डर न्यायला आलेल्या बाईंनी पहिला मग हातात घेऊन बराच वेळ मागची रांग बघितली. डावीकडून चौथी मुलगी त्याच होत्या. रिबीन पांढरी आली आहे.