भानू बंद्योपाध्याय: बोलीनं मोठं केलं की बोलीतच अडकवलं?

हावडापूल
परवा गप्पांत कुणीतरी म्हणालं, 'भानू काय, गावंढळ बोलून हसवायचा.' मनाला लागलं, म्हणून हा धागा.

बंगाली चित्रपटांतले विनोदी नट भानू बंद्योपाध्याय मूळचे ढाक्याजवळच्या बिक्रमपूरचे, जन्म १९२०, खरं नाव साम्यमय. ढाक्याच्या जगन्नाथ कॉलेजात शिकले आणि १९४१ मध्ये कलकत्त्याला आले. पूर्व बंगालच्या माणसाला तिथे 'बांगाल' म्हणतात, पश्चिम बंगालच्या माणसाला 'घोटी'. १९५३ च्या 'साडे चुआत्तर' (म्हणजे आपलं साडेचौऱ्याहत्तर) या चित्रपटात पुरुषांच्या मेसमध्ये राहणारा त्यांचा केदार मावशीकडे मालपोवे मागतो, तेव्हा 'खाबो' (खाईन) न म्हणता बांगाल बोलीतलं 'खामू' म्हणतो. फरक केवढा, एका अक्षराचा! पण फाळणीला तेव्हा सहाच वर्षं झाली होती. सियालदा स्टेशनच्या फलाटांवर निर्वासितांनी संसार मांडलेले त्या शहरानं पाहिले होते. त्यांच्या बोलण्याला नाकं मुरडली जात होती, आणि हा माणूस तेच बोलणं भर थिएटरात, जराही न ओशाळता बोलला. माझ्या मते घर गमावलेल्यांना याहून मोठा आधार त्या काळच्या कुठल्याच नटानं दिला नाही.

तिसरीघंटा
भानूंच्या टायमिंगबद्दल दुमत नाही, पण बाकीचं पटत नाही. थिएटरात बसलेला घोटी हसत कुणाला होता? त्या अडाणी वाटणाऱ्या बांगालालाच ना? आधार वगैरे आपण आज म्हणतो. निर्मात्यांना एक हुकमी नाणं सापडलं आणि त्यांनी ते झिजेपर्यंत वापरलं. 'भानू पेलो लॉटरी' (१९५८), 'भानू गोयेंदा जहर असिस्टंट' (१९७१), चित्रपटाच्या नावातच भानू! नटाचा असा शिक्का झाला की दुसरी भूमिका मिळणार कशी?

सत्यजित राय यांच्याकडेच बघा. तुलसी चक्रवर्तींना त्यांनी 'परश पाथर'चा नायक केलं, जहर राय 'गुपी गाइन बाघा बाइन'मध्ये मंत्री, रबी घोष तर बाघाच. भानूंना एकही भूमिका नाही. बंगालचा एवढा लाडका विनोदी नट आणि रायांच्या एकाही चित्रपटात नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मालवणीपाणी
हावडापूल यांच्या बाजूनं. मच्छिंद्र कांबळींचं 'वस्त्रहरण' येईपर्यंत आमच्या घरची माणसं मुंबईत पाहुण्यांसमोर मालवणी बोलायला कचरायची. 'खातंय' जिभेवर यायचं, बाहेर 'खातो' पडायचं. नाटक बघून आल्यावर माझे काका लोकलमध्ये मोठ्यानं मालवणी बोलू लागले. हसणारे हसले असतील, काकांना त्याचं काही वाटलं नाही. आपली बोली बोलणाऱ्यालाच टाळ्या पडतात हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की माणूस बदलतो.

तिसरीघंटा
तुलना अर्धीच लागू पडते. 'वस्त्रहरण'मध्ये अख्खं गाव मालवणी बोलतं, तिथे परका कुणी नाही. केदार त्या मेसमध्ये वेगळा उठून दिसतो, आणि त्या वेगळेपणावर हशा आहे.

हावडापूल
हा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. तरीही केदारला त्या मेसमधून कुणी हाकलत नाही, सुधारत नाही, तोही स्वतःला सुधारून घेत नाही. शेवटपर्यंत 'खामू'च. शिवाय ढाक्याच्या गाडीवानांचे, तिथल्या कुट्टी लोकांचे किस्से त्यांनी रेकॉर्डवर सांगितले ते ऐका. त्यात गाडीवान भाबडा नाही. गिऱ्हाईक भाड्यात घासाघीस करू लागलं की तो असा टोला देतो की गिऱ्हाइकालाच गप्प बसावं लागतं. तिथे आपण बांगालाला हसत नाही, त्याच्या बाजूनं हसतो. आणि 'जमालये जीवन्त मानुष'मध्ये (१९५८) जिवंतपणी यमलोकात जाऊन यमराजाशी हुज्जत घालणारा माणूस कुणाच्या हसण्याचा विषय आहे?

रायांचं मात्र मलाही सलतं. त्यावर उत्तर नाही.

मी कलकत्त्यात तीन वर्षं भाड्यानं राहिलो. घरमालकीण मूळच्या बिक्रमपूरच्या घरातल्या, मी त्यांना माशिमा (मावशी) म्हणायचो. भाजीवाल्याशी, बँकेत, माझ्याशी अगदी कलकत्त्याचं बंगाली. रविवारी थोरल्या बहिणीचा फोन आला की आवाज चढायचा, 'खामू', 'जामू' सुरू व्हायचं. एकदा टीव्हीवर 'साडे चुआत्तर' लागला होता. केदारनं मालपोवे मागितले तशा त्या हसल्या, मग पदरानं डोळे टिपले, आणि पहिल्यांदाच माझ्याशी त्या बोलीत बोलल्या. मला निम्मं कळलं नाही.

तिसरीघंटा
हे वाचून थांबलो. माझं म्हणणं निर्मात्यांबद्दल आहे, माशिमांबद्दल नाही. त्यांना भानूंनी काय दिलं ते मी नाकारू शकत नाही. पण तपन सिन्हांच्या 'गल्प होलेओ सत्ती'मध्ये (१९६६) भानू भरल्या घरातल्या माणसांपैकी एक म्हणून येतात, ते बघा. शिक्का बाजूला ठेवला की किती नट उरतो ते दिसतं. अशा भूमिका आणखी मिळायला हव्या होत्या. शेवटी जात्रेत, म्हणजे बंगालच्या फिरत्या लोकनाट्यात, काम करत ते गावोगाव हिंडले.

मालवणीपाणी
जात्रेला कमी लेखू नका हो. आमच्याकडे दशावतारी नटाला गाव डोक्यावर घेतं.